पार्श्वभूमी: 'बिग बॉय'ला अडवलं ते वाहनतळाने

युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं 'बिग बॉय' 4014 हे वाफेचं इंजिन अमेरिकेत पुन्हा धावू लागलं, तेव्हा कौतुक झालं ते दुरुस्तीचं. पण दुरुस्तीआधी ते वर्कशॉपपर्यंत न्यायचं होतं, आणि खरी परीक्षा तिथेच होती.

युटातल्या वासॅच डोंगरांतून जड मालगाड्या ओढण्यासाठी अल्को कंपनीने 1941 ते 1944 दरम्यान अशी 25 इंजिनं बांधली. पुढे डिझेल आलं. 4014 निवृत्त होऊन 1962 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या जत्रा-मैदानावर प्रदर्शनाला उभं राहिलं, ते पन्नासहून अधिक वर्षं. 2013 मध्ये युनियन पॅसिफिकने ते परत मिळवलं. अशी आठ इंजिनं शिल्लक होती. पोमोनाच्या कोरड्या हवेत गंज कमी, हे 4014 च्या पथ्यावर पडलं.

लांबी 40 मीटर. कोळसा-पाण्याने भरलेला टेंडर, म्हणजे इंजिनामागचा डबा, धरला तर वजन 540 टनांच्या आसपास. असलं धूड ट्रेलरवर चढवायचा विचारही कोण करणार? त्याला रूळच हवेत. आणि चालू रूळ होते मैदानापलीकडे. मध्ये मोटारी लावायचं डांबरी आवार.

मग स्लीपरसकट जोडलेले रुळांचे तयार तुकडे आवारात अंथरले. इंजिन त्यावरून पुढे ओढायचं, मागे मोकळे झालेले तुकडे यंत्राने उचलायचे, पुढे नेऊन टाकायचे, पुन्हा जोडायचे. घाई करायची सोयच नाही. त्यातही वळण आलं की धाकधूक: आठ-आठ मोठ्या चाकांचे दोन संच, पुढचा संच वळणावर वेगळा फिरणारा, आणि खाली तात्पुरता रूळ.

14 नोव्हेंबर 2013 ला इंजिन जागचं हललं. मधले थांबे धरून, चालू रुळावर लागायला 26 जानेवारी 2014 उजाडली. त्या दिवशी डिझेल इंजिनांनी ते कोल्टनच्या यार्डात नेलं. तिथून वर्कशॉपचं गाव, वायोमिंगमधलं शायेन, सुमारे दोन हजार किलोमीटर. 28 एप्रिलला निघालेलं इंजिन, वाटेत लोकांना दाखवत दाखवत, 8 मेला पोहोचलंसुद्धा! आवार ओलांडायला दोन महिन्यांहून जास्त, आणि अर्धा देश अकरा दिवसांत.

शायेनमध्ये ते पुरतं सुटं केलं गेलं. कोळशाऐवजी तेलावर चालेल असा बदल झाला आणि मे 2019 मध्ये, अमेरिकेच्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गाच्या दीडशेव्या वर्षी, ते स्वतःच्या वाफेवर युटातल्या ऑग्डेनला गेलं.