अडीच हजारांचे तिकीट आणि लाउंजचे दार: पार्श्वभूमी

लहान शहरांतून विमानाने जाणाऱ्यांच्या तोंडी हल्ली दोन तक्रारी असतात. ‘उडान’ या सरकारी योजनेत अडीच हजारांत विमान म्हणाले होते, तिकीट पाच हजारांना पडले. आणि बँकेच्या कार्डावर विमानतळावरचे लाउंज, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेला प्रतीक्षाकक्ष, फुकट होते, ते आता मिळत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. प्रवाशाच्या वाटचे पैसे दुसरे कोणीतरी भरत होते. किती दिवस आणि कोणत्या अटीवर, हे त्याला कुणी नीट सांगितले नाही.

लहान विमानतळांचा इतिहास ‘उडान’ योजनेपेक्षा बराच जुना आहे. कोल्हापूरची धावपट्टी संस्थानकाळातली, १९३९ सालची. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि मोठी शहरे जोडण्याकडे ओढा राहिला. १९८१ मध्ये आडबाजूच्या गावांसाठी वेगळी सरकारी कंपनी निघाली, ती पुढे तोट्यातच विरून गेली. २००३ मध्ये स्वस्त विमानसेवेची सुरुवात झाली तीही हुबळी-बेंगळुरू मार्गावर, पंख्याच्या छोट्या विमानाने. म्हणजे स्वस्ताईची वाट महानगरांतून लहान गावांकडे आली असे नाही, ती निघालीच लहान गावातून. पण दशकभरात बहुतेक कंपन्या दिल्ली-मुंबईच्या गर्दीत शिरल्या आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी धावपट्टी असून विमान नाही, अशी स्थिती आली.

२०१६ च्या जूनमध्ये नवे हवाई धोरण आले आणि ऑक्टोबरात ‘उडान’ योजना जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमाने उडाली. शिमला-दिल्लीचा गाजावाजा झाला, पण त्याच दिवशी नांदेडहून हैदराबादचे विमानही सुटले, हे मराठवाड्याबाहेर फारसे कुणाच्या लक्षात नाही.

खरा घोळ आहे तो ‘अडीच हजार’ या आकड्याचा. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावे, असे सांगितले गेले आणि लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला: तासाभराचे विमान, तिकीट अडीच हजार. नियमात होते ते असे. सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची कमाल मर्यादा. अंतर कमी तर मर्यादा कमी, जास्त तर जास्त. आणि ही मर्यादा विमानातल्या फक्त निम्म्या जागांना, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०. उरलेल्या जागा कंपनी बाजारभावाने विकणार. ७२ आसनांच्या विमानात ३६ जण योजनेच्या दराने आणि ३६ जण मिळेल त्या दराने बसणार. आमच्याच घरी एका लग्नाला हैदराबादला जाताना मामांनी तिकीट आधी काढले आणि मावशीने तीन आठवड्यांनी. विमान एक, रांग एक, जागा शेजारी शेजारी, आणि भाड्यात दुपटीहून जास्त फरक. मावशी अजूनही म्हणते की तिला फसवले. तिला कुणी फसवले नव्हते, पण तिला कुणी सांगितलेही नव्हते.

निम्म्याच जागा का, यावर तेव्हाही वाद झाला. कमी भाड्याच्या जागांचा तोटा कंपनीला अनुदानातून भरून मिळायचा; सगळ्या जागांना मर्यादा घातली तर त्याचा बोजा दुप्पट होईल, असे समर्थक म्हणत. विरोधकांचा आक्षेप अनुदानाच्या उगमावर होता. हा पैसा यायचा होता मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून. सुरुवातीला प्रत्येक उड्डाणामागे अंतराप्रमाणे साडेसात ते साडेआठ हजार रुपये आकारणी ठरली आणि कंपन्या थेट न्यायालयात गेल्या. अनुदानाचा पाचवा हिस्सा बहुतेक राज्यांनी उचलायचा होता, शिवाय इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा होता. माझ्या मते मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडच्या प्रवाशासाठी पन्नासेक रुपये जास्त मोजण्यात काही गैर नव्हते. रेल्वे आणि एसटी याच न्यायाने चालत आल्या आहेत.

चुकले ते मुदतीत. अनुदान तीन वर्षांचे आणि मार्गावरची मक्तेदारीही तीन वर्षांची. एवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे गृहीत धरले होते. कोल्हापूर-मुंबई सेवा एप्रिल २०१८ मध्ये १८ आसनी विमानाने सुरू झाली, आठवड्यातले मोजके दिवस. मुंबईच्या धावपट्टीवर सोयीची वेळ मिळणे हेच मोठे दुखणे होते. रात्रभरात महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईत सोडते. भलत्या वेळचे आणि कधी रद्द होईल याचा भरवसा नसलेले विमान तिच्याशी काय स्पर्धा करणार? २०२३ च्या सरकारी लेखापरीक्षणाने चित्र स्पष्ट केले. मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ तगले.

‘अडीच हजार’सारखाच घोळ ‘लाउंज’ या शब्दाचाही आहे. लहान विमानतळावर ‘लाउंज’ची पाटी दिसली की ती बहुधा मंत्री-अधिकाऱ्यांच्या राखीव कक्षाची असते. कार्डावर मिळते ते लाउंज वेगळे, तो धंदा आहे. प्रवासी आत गेला की बँक किंवा कार्ड कंपनी माणशी ठरलेली रक्कम देते. दिवसाला मोजकी विमाने असतील तिथे हे गणित बसत नाही, म्हणून लहान गावच्या प्रवाशाच्या खिशात लाउंजचे कार्ड असते, पण त्याच्या गावच्या विमानतळावर लाउंज नसते. तो ते वापरतो हैदराबाद-मुंबईला, पुढच्या विमानाच्या तीन-चार तासांच्या खोळंब्यात. यंत्रात कार्ड घासले की दोन रुपये कापल्याची चिठ्ठी येते आणि तेवढ्यात इडली-उपम्याचे ताट मिळते. दाराबाहेरची रांग बघूनच कळायचे की हे फार दिवस टिकणार नाही. पुढे बँकांनी कार्डावरच्या खर्चाची अट घातली. एका मोठ्या बँकेने एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपयांचा खर्च मागितला. सप्टेंबर २०२५ मध्ये बँका आणि लाउंज यांना जोडणाऱ्या एका मोठ्या मध्यस्थ कंपनीची देशांतर्गत सेवाच बंद पडली. दरम्यान डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर १० रुपयांत चहा आणि २० रुपयांत समोसा देणारे उपाहारगृह उघडले होते. त्याला कार्ड लागत नाही. मला ही सोय लाउंजपेक्षा जास्त गरजेची वाटते आणि ती सगळ्यात आधी लहान विमानतळांवर यायला हवी होती.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात उडानचे सुधारित रूप जाहीर झाले: दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे, ४ कोटी प्रवासी. आपल्याकडे सोलापूरने वाट फार पाहिली. विमानाच्या मार्गात येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून शहरात उभी फूट पडली. गोव्याचे विमान सुरू झाले ते दोन वर्षांनी, ९ जून २०२५ रोजी. मुंबई मार्गासाठी मग राज्याने उडानच्याच धर्तीवर अनुदान मंजूर केले. मुदत एक वर्ष.