गेमिंग संगणक बांधून घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणक बांधून घेण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाविषयी विचारतात. आम्ही मात्र आधी दोन गोष्टी विचारतो : आपण कोणते खेळ खेळणार आणि संगणक कोणत्या खोलीत ठेवणार. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि गच्चीखालच्या खोलीत भर दुपारी पंख्याचीही हवा गरमच लागते. अशा खोलीत जो संगणक सलग चार तास न अडखळता चालतो, तोच आमच्या दृष्टीने चांगला संगणक, मग त्याच्या भागांची यादी कागदावर कितीही साधी दिसो.

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, 2560 बाय 1440 वर सुमारे 36.9 लाख आणि फोर-के पडद्यावर जवळजवळ 83 लाख. प्रत्येक चित्रासाठी ते सगळे तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. घरी 60 हर्ट्‌झचा जुना मॉनिटर (म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा) असेल आणि तो बदलायचा नसेल, तर सेकंदाला दीडशे चित्रे काढणाऱ्या कार्डावर केलेला खर्च डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 प्रामुख्याने खेळणाऱ्यांनी 144 हर्ट्‌झ किंवा त्याहून वेगवान मॉनिटर आणि चांगला प्रोसेसर यांकडे पैसे वळवावेत. सायबरपंक 2077 सारख्या खेळात मात्र सगळा भार कार्डावर येतो.

ग्राफिक्स कार्ड घेताना नावापाठोपाठ मेमरीचा आकडाही वाचावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आरटीएक्स 5060 टीआय आणि आरएक्स 9060 एक्सटी ही दोन्ही कार्डे 8 जीबी आणि 16 जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात, आणि भावातील फरक पाहून अनेकजण 8 जीबीचे कार्ड उचलतात. नवे खेळ उच्च दर्जाच्या टेक्श्चर्सवर (खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागांच्या चित्रांवर) चालवताना ही मेमरी भरली की चित्र मध्येच अडकते, आणि कार्डावरील मेमरी रॅमप्रमाणे नंतर वाढवता येत नाही. चार-पाच वर्षे कार्ड बदलायचे नसेल तर 16 जीबीचेच घ्यावे.

प्रोसेसरच्या बाबतीत रायझन 5 7600 हा सहा कोअरचा प्रोसेसर बहुतेकांना पुरतो, आणि त्याच्या खोक्यातच पंखा येतो. तो मदरबोर्डवरील ज्या एएम5 सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) बसतो ते 2022 मध्ये आले आणि त्यावर फक्त डीडीआर5 रॅम चालते. त्यामुळे जुन्या संगणकातील डीडीआर4 रॅम त्यात वापरता येत नाही, तिच्या पट्टीवरील कापलेली खूण वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही. याच बोर्डावर पुढे 96 एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) असलेला रायझन 7 7800एक्स3डी बसवता येतो, म्हणून आम्ही हा मार्ग सुचवतो. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. चार खाचांच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू केले नाही तर खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही. हे काम आम्ही जुळणीच्या वेळीच करून देतो. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा दरपत्रक जुने असेल तर ते पुन्हा मागून घ्यावे.

आता ज्या भागावर ग्राहक सर्वांत आधी काटकसर करतात त्या एसएमपीएसविषयी, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याविषयी, थोडे सविस्तर. खोक्यावरील ‘80 प्लस’ ही खूण वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. आतील कपॅसिटर किती टिकाऊ आहेत याची ती हमी नव्हे, आणि ती चाचणी सुमारे 23 अंश तापमानात होते. आपल्याकडे उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आतली हवा याच्या दुप्पट गरम असू शकते. म्हणून पूर्ण वॅटेज 40 अंशांना मोजले आहे की 50 अंशांना, हे निर्मात्याच्या माहितीत पाहूनच आम्ही एसएमपीएस निवडतो. 180 वॅटचे 5060 टीआय, पूर्ण भारात 88 वॅटपर्यंत घेणारा 7600 आणि बाकीचे भाग धरून बेरीज साडेतीनशेच्या आत राहते, तरी कार्ड क्षणभर आपल्या ठरलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. त्यामुळे तेथे 650 वॅटचा नामांकित एसएमपीएस घ्यावा. कार्डाला वीज देणारी बारा अधिक चार पिनांची नवी केबल असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली आहे का, हे प्रकाशात पाहून तपासावे, कारण अर्धवट बसलेली पिन तापून वितळू शकते.

मागच्या उन्हाळ्यात एका ग्राहकाने दुसरीकडून जुळवलेला संगणक आमच्याकडे आणला. दुपारी खेळ सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत तो बंद पडे आणि रात्री मात्र नीट चाले. कॅबिनेटची दर्शनी बाजू पूर्ण काचेची होती आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट होती. काचेवर तळहात ठेवला तर फार वेळ ठेववत नव्हता. एकही भाग बिघडलेला नव्हता. पुढे जाळी असलेले कॅबिनेट आणि समोर दोन पंखे लावल्यावर तोच संगणक त्याच दुपारी चालू राहिला. खोलीतील हवेपेक्षा थंड हवा कोणताही पंखा आत आणू शकत नाही, त्यामुळे तीच हवा मुबलक आत यावी एवढेच आपल्या हाती असते. काचेचे कॅबिनेट देखणे दिसते हे खरे, पण विदर्भात आम्ही ते सुचवत नाही. खोलीत डेझर्ट कूलर असेल तर संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये : बोअरच्या जड पाण्याचे सूक्ष्म तुषार बोर्डावर सुकले की पांढरे क्षार उरतात, आणि पुढे दमट हवेत तेच बोर्ड खराब करतात.

संगणक घरी नेण्यापूर्वी भिंतीवरील सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला किंवा कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर आधी वायरिंग दुरुस्त करून घ्यावे. लाइट वारंवार जात असेल तर यूपीएस घ्यावा. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर आजचे काही एसएमपीएस बंद पडतात, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस निवडणे सुरक्षित ठरते.

जुळणी झाल्यावर आम्ही संगणक दोन तास पूर्ण भारावर चालवून तापमानाची नोंद बिलासोबत देतो. प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक बिलावर लिहिलेला आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस यांची रिकामी खोकी आम्ही सोबत देतो. ती वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर कोरड्या जागी ठेवावीत, कारण दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्याच खोक्यात भाग सुखरूप जातात.