छर्ऱ्यांचे क्रमांक आणि मोठ्या छर्ऱ्याची निवड

सातारा-सांगली भागात ‘छर्रा’ म्हटले की तीन वस्तू डोळ्यांसमोर येतात : सायकलच्या चाकातली पोलादी गोळी, जत्रेत फुगे फोडायच्या हवेच्या बंदुकीचा दाणा आणि बारा बोअरच्या काडतुसात भरलेले शिसे. ही नोंद तिसऱ्या छर्ऱ्याची आहे. शिकारीसाठी मोठा छर्रा केव्हा निवडतात, त्याने काय साधते आणि काय हातचे जाते, एवढाच तिचा विषय. सावज जखमी होऊन निसटणार की जागच्या जागी पडणार, हे बऱ्याच अंशी या निवडीवर ठरते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

बारा बोअर हे नाव वजनावरून आले आहे. एक पौंड शुद्ध शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास येईल तोच नळीचा व्यास, म्हणजे सुमारे 18.5 मिमी. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे तिला नसतात. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा दट्ट्या आणि सर्वांत वर छर्रे, अशी रचना असते. या भागातल्या जुन्या परवानाधारकांच्या तोंडी बंदुकीपेक्षा काडतुसाचा क्रमांक जास्त असतो : ‘सहा नंबर’, ‘चार नंबर’, ‘बीबी’, ‘एसजी’, ‘एलजी’.

ही नावे ब्रिटिश पद्धतीची आहेत. क्रमांक जितका मोठा, छर्रा तितका बारीक. 9 नंबरचा छर्रा 2 मिमीचा, 6 नंबरचा 2.6 मिमी, 4 नंबरचा 3.1 मिमी आणि 1 नंबरचा 3.6 मिमी. त्याच्या पुढे आकडे संपतात आणि अक्षरे सुरू होतात : बीबी 4.1 मिमी, एएए 5.2 मिमी, एसजी 8.4 मिमी, एलजी 9.1 मिमी. एका औंसात, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम शिशात, 6 नंबरचे 270 छर्रे बसतात, 4 नंबरचे 170, बीबीचे 70, एएएचे 35, एसजीचे 8 आणि एलजीचे फक्त 6. अमेरिकी क्रमांक वेगळे आहेत. तिकडचा 6 नंबर 2.8 मिमीचा आणि 4 नंबर 3.3 मिमीचा असतो, आणि ‘4 नंबर बक’ म्हणजे तर 6 मिमीहून मोठी गोळी. परदेशी काडतुसाच्या खोक्यावरचा नुसता आकडा वाचून फसगत होते ती यामुळेच. आकड्यापेक्षा मिलिमीटर पाहावेत.

मोठ्या छर्ऱ्याचा गुण भूमितीत आहे. छर्ऱ्याचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते, पण हवेला अडणारा दर्शनी भाग चौपटच होतो. त्यामुळे सारख्याच वेगाने सुटलेले दोन छर्रे घेतले, तर बारीक छर्ऱ्याचा वेग लवकर मरतो आणि मोठा आपला वेग पुढेपर्यंत टिकवतो. बीबीचा एक छर्रा सुमारे 0.4 ग्रॅमचा, तर 6 नंबरचा 0.1 ग्रॅमचा. दाट पिसांच्या मोठ्या पाणपक्ष्यावर, किंवा लांबून, बारीक छर्रा पिसांत नि कातडीत अडकून राहतो आणि मोठा आत शिरतो. शिशाचे वजनही इथे कामी येते. त्याची घनता पाण्याच्या 11 पटींहून थोडी जास्त आहे, पोलादाची 8 पटींच्या आत. म्हणून जिथे शिशावर बंदी आहे तिथले शिकारी पोलादी छर्रे वापरताना शिशाच्या छर्ऱ्याहून साधारण दोन आकार मोठा छर्रा घेतात.

इथपर्यंत हिशेब सगळ्यांना पटतो, आणि चूकही इथूनच सुरू होते. ‘छर्रा जाड घेतला की बार लांब जातो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. एकटा छर्रा लांब जातो, हे बरोबर. पण छर्ऱ्याची बंदूक एका छर्ऱ्याने मारत नाही. छर्ऱ्यांचा थवा सावजावर पुरेसा दाट पडला तरच ते जागीच मरते, आणि वजन तेच ठेवून छर्रा मोठा केला की थवा विरळ होतो. माणदेशातल्या माळावरच्या तितराचे उदाहरण घेऊ. नळीच्या तोंडाशी पूर्ण आवळ, म्हणजे फुल चोक असलेली बंदूक 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, सुमारे 70 टक्के छर्रे 76 सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात टाकते. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 4,500 चौरस सेंटीमीटर भरते. एका औंसाच्या 6 नंबरच्या काडतुसातून तिथे 189 छर्रे पोचतात. तळहाताएवढ्या, म्हणजे शंभरेक चौरस सेंटीमीटरच्या जागेवर सरासरी चार. तितराचे अंग साधारण तेवढेच. आता तीच बंदूक, तेच अंतर आणि बीबी धरा : वर्तुळात 49 छर्रे आणि तळहातावर सरासरी एक. सरासरी एक याचा अर्थ कित्येकदा एकही नाही, आणि कित्येकदा एक छर्रा पंखाला किंवा पोटाला लागून पक्षी दूर कुसळांत जाऊन पडतो आणि सापडत नाही. एसजी असेल तर अख्ख्या वर्तुळात पाच-सहा गोळ्या. बिनआवळ नळीने तर 70 टक्क्यांऐवजी 40 टक्केच छर्रे त्या वर्तुळात पडतात, म्हणजे हा हिशेब आणखी ढासळतो.

म्हणून जिथे लावा, तितर, ससा यांची शिकार कायदेशीर आहे अशा देशांतले जाणते लोक लहान सावजाला 5 ते 7 नंबर वापरतात आणि मोठ्या बदकाला 4 किंवा 3. बीबी आणि त्यापुढचे छर्रे हंसासारख्या मोठ्या पक्ष्यांसाठी राखतात. अंतर वाढले की छर्रा मोठा घ्यायचा हे खरे, पण एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेच्या पुढे बार न काढणे हाच उपाय. बारीक छर्ऱ्याचा मार अंतराने संपतो, मोठ्याचा विरळपणाने संपतो, आणि विरळपणा डोळ्यांना दिसत नसल्याने तो जास्त फसवतो. त्यावर तोडगा एकच : मोठा कागद ठरलेल्या अंतरावर लावून त्यावर बार काढायचा आणि भोके मोजायची. एकाच बंदुकीच्या दोन नळ्या वेगवेगळा पसारा देतात. एसजी-एलजीसारख्या जाड गोळ्या फुल चोकमधून चेपल्या जाऊन वेड्यावाकड्या पांगतात, असेही पुष्कळदा आढळते. दुनळी बंदुकीची उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ ठेवायची जुनी रीत याच अनुभवातून आली आहे. जवळच्या पहिल्या बाराला मोकळी, दूर गेलेल्या सावजावरच्या दुसऱ्या बाराला आवळ.

मोठ्या जनावराचा प्रश्न निराळा आहे. जाड कातडे, चरबी आणि हाड भेदून छर्रा आत जायला हवा, म्हणून तिथे एसजी आणि एलजी येतात. एसजीची गोळी साडेतीन ग्रॅमची, एलजीची पावणेपाच. तरीही पंचवीस-तीस मीटरपलीकडे त्यांचा भरवसा धरू नये, असे माझे ठाम मत आहे. आठ-नऊ गोळ्यांपैकी दोन पोटात लागल्या तर जनावर मरते, पण कित्येक तासांनी आणि कुठे तरी दूर. इंग्लंड-वेल्समध्ये हरणाच्या बाबतीत हा विचार कायद्यातच उतरला आहे. 1991 च्या तिथल्या हरीण कायद्यात छर्ऱ्याच्या बंदुकीला बंदी आहे, आणि पीक वाचवण्यासाठी जी मोजकी सूट आहे तिच्यात 12 बोअरहून बारीक नळी आणि एएएहून बारीक छर्रा चालत नाही.

छर्रे गोल कसे होतात, हे थोडक्यात. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने 1782 मध्ये वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पडता पडता थेंब पृष्ठताणाने गोल होतो आणि पाण्यात विझतो. शिशात किंचित आर्सेनिक असले की थेंब अधिक गोल होतो. अँटिमनी घातली की छर्रा कडक होतो, नळीत चपटा होत नाही आणि थव्यातून भरकटत नाही. स्वस्त मऊ छर्ऱ्यांचा पसारा वाईट असतो तो चपट्या छर्ऱ्यांमुळे. अगदी जाड गोळ्या मात्र साच्यात ओततात किंवा दाबून काढतात.

मोठ्या छर्ऱ्याबरोबर धोक्याचे अंतरही वाढते. ढोबळ नियम असा की छर्ऱ्याच्या इंचातल्या व्यासाला 2,200 ने गुणले की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळते. त्या हिशेबाने 6 नंबर दोनशे मीटरच्या आसपास थांबतो, बीबी सव्वातीनशे मीटर जातो आणि एसजी साडेसहाशे मीटरच्या पुढे. कराड, वाळवा, शिराळा या भागात उसाचा फड, वस्ती, पाणंद आणि शाळेची वाट एकमेकांना लागून असतात. तिथे साडेसहाशे मीटरच्या टप्प्यात माणूस नाही अशी दिशा शोधणे कठीण आहे. काळ्या खडकावर आपटलेली गोळी कुठल्या दिशेला उडेल, याचा तर अंदाजच बांधता येत नाही.

शिशाचा दुसरा दोष बार संपल्यावर सुरू होतो. न लागलेले छर्रे तळ्याच्या गाळात पडून राहतात. बदके पोटात दाणे दळायला खडे गिळतात, त्यांत छर्रेही गिळतात, आणि शिसे हळूहळू रक्तात भिनून पक्षी मरतो. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरते 1991 पासून, आणि युरोपीय संघाने पाणथळ जागांवर 2023 पासून. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. अशा उथळ तलावातला गाळ ढवळूनच ते खातात, म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही. मांसात राहिलेल्या शिशाच्या कणांचा माणसालाही धोका आहे, विशेषतः लहान मुलांना.

या दोन जिल्ह्यांत शौकाची शिकार आता इतिहासजमा आहे. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी संस्थाने इथे होती, आणि बंदूक होती ती संस्थानिक, इनामदार आणि साहेब मंडळींकडे. फासेपारध्यांची शिकार फासाची आणि जाळ्याची, तिला छर्रा लागत नसे. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीवर बंधने आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येत होती, ती वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. 1985 मध्ये कोयना, चांदोली आणि सागरेश्वर ही अभयारण्ये झाली, तर 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आज माळावरचे तितर मारणे गुन्हा आहे, छर्रा कोणत्याही नंबरचा असो.

उरतो तो पिकाचा प्रश्न. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, आणि ही गल्लत गावोगाव होते. रानडुक्कर उभ्या पिकाची नासधूस करत असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गव्याला तर पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, तिथे उभ्या पिकाचे कारण चालत नाही. डुकराची परवानगी मिळाल्यावरच छर्ऱ्याची निवड हा प्रश्न उरतो, आणि तेव्हा बारीक छर्रा हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. घरात पडून असलेले सहा नंबरचे काडतूस, किंवा ठासणीत भरलेले लोखंडाचे तुकडे, डुकराला मारत नाहीत, जखमी करतात. जखमी डुक्कर सरळ उसात शिरते. दिवाळीनंतर त्याच फडात ऊसतोडीची टोळी कोयता घेऊन उतरते, बरोबर बायका आणि पोरे असतात, आणि सरीत दबा धरून बसलेले जनावर हातभर अंतरावर येईपर्यंत दिसत नाही.