बोनसमधून कर किती कापला जातो आणि त्यासाठी कोणते कागद द्यायचे

दिवाळीच्या पगारानंतर पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत एक प्रश्न हमखास निघतो: बोनस दीड लाखाचा, मग खात्यात निम्माच कसा? त्यावर कोणीतरी ठोकून देतं, "बोनसवर तीस टक्के लागतोच." असा कोणताही वेगळा दर नाही. दिवाळीचा, कामगिरीचा किंवा जॉइनिंगचा, कुठलाही बोनस प्राप्तिकरासाठी पगारच असतो. कंपनी तुमचं वर्षभराचं अंदाजे उत्पन्न धरते, त्यावरचा कर काढते आणि आधी कापलेला टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) वजा करून उरलेला कापते.

खालचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, नव्या करप्रणालीचे आहेत. पगार 12 लाख असेल तर 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न 11.25 लाख उरतं. 12 लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य, म्हणून दर महिन्याला टीडीएसही शून्य. ऑक्टोबरात दीड लाख बोनस आला की करपात्र उत्पन्न 12.75 लाख होतं आणि सवलत पूर्ण जाते. कर 71,250, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 74,100 रुपये. हा सगळा कर बोनसमुळे लागला. काही कंपन्या तो त्याच महिन्यात कापतात, काही मार्चपर्यंत विभागतात. कशी कपात होणार हे पेरोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाला, आधीच विचारून ठेवलेलं बरं. 12 लाखांच्या जेमतेम वर गेलात तर मूळ कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त लागत नाही, एवढा दिलासा कायद्यात आहे.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत महिना वीस हजारांवर काम करणाऱ्याला मात्र ही चिंता नाही. वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला कायद्याने 8.33 ते 20 टक्के बोनस मिळतो. तो धरूनही त्याचं उत्पन्न करमर्यादेच्या खूप खाली राहतं.

कागदपत्रांत पहिला पॅन. तो दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झाला असेल, तर करपात्र पगारावर किमान 20 टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट, कोणती करप्रणाली हवी हे लेखी कळवा. न कळवल्यास नवी धरली जाते. जुनी, म्हणजे भाडं-विमा-गृहकर्जाच्या वजावटी देणारी, घेतली असेल तर फॉर्म 12बीबीसोबत (या वजावटी कंपनीला कळवण्याचा फॉर्म) भाडेपावत्या, विमा-पीपीएफच्या पावत्या आणि गृहकर्जाचं व्याज प्रमाणपत्र द्यावं लागतं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लागतो, आणि तो मागताना बरेच मालक काचकूच करतात. नव्या प्रणालीत असाल तर भाडेपावत्या गोळा करत बसू नका, त्यांचा उपयोग नाही.

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल तर जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर फॉर्म 12बी मध्ये नव्या कंपनीला कळवा. हे टाळलं की दोन्हीकडे सवलत धरली जाते आणि रिटर्न भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

जास्त कापलं गेलं तर कंपनी ते त्याच आर्थिक वर्षाच्या पुढच्या महिन्यांत जुळवून घेऊ शकते. मार्च उलटल्यावर रिटर्नमधूनच परतावा मागावा लागतो. 15 जूनपर्यंत कंपनीकडून मिळणारा फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा प्राप्तिकर खात्याचा उतारा) यांतले आकडे जुळवून पाहा, बँक खातं प्राप्तिकर पोर्टलवर पडताळून ठेवा आणि मुदतीत रिटर्न भरा. धंद्याचं उत्पन्न नसेल तर त्या वेळी करप्रणालीही बदलता येते. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 लागू झाल्याने त्यानंतरच्या पगारासाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत, हे लक्षात असू द्या.

जॉइनिंग बोनस परत करायची वेळ आली तर एक काळजी घ्या. कंपनी बहुधा कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागते. वसुली त्याच आर्थिक वर्षात होत असेल तर ती पगारातून वजा दाखवून टीडीएस नव्याने मोजायला सांगा, आणि हे नोकरी सोडतानाच्या सेटलमेंटवर (शेवटच्या हिशेबावर) सही करण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.