पार्श्वभूमी : प्रगतिपुस्तकातला ‘वर्तणूक’ हा रकाना

ख्रिस्ती शाळांच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी मुलाच्या स्वभावाचीही गांभीर्याने नोंद व्हावी, ही मागणी समग्र प्रगती पत्रकाच्या, म्हणजे २०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या, गुणांपलीकडेही मुलाची नोंद घेणाऱ्या प्रगतिपुस्तकाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आली आहे. ती नवीन असल्यासारखी मांडली जाते, पण महाराष्ट्रातल्या मिशन शाळांना हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे छळतो आहे. त्याचा निकाल बहुतेक वेळा वर्गाबाहेर लागला : कधी अनुदानाच्या नियमांत, कधी कायद्यात, तर कधी एखाद्या शब्दाच्या निवडीत.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. अहमदनगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि शाळांबरोबर वसतिगृहेही आली. जेवणाच्या पंगतीपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत मूल मास्तरांच्या नजरेसमोर असे. ते कसे आहे हे कळायला कागद लागत नव्हता.

कागद आला तो पैशांबरोबर. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, मिशनच्या शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले, मात्र शाळेतल्या धर्मशिक्षणात निरीक्षकाने लक्ष घालायचे नाही असे ठरले. पुढच्या दशकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. परीक्षेत ज्या विषयात जितकी मुले उतरतील, त्या हिशेबाने रक्कम मिळे. वाचन, लेखन, गणित यांना दर होता. धर्मशिक्षण तपासणीबाहेर राहिले आणि मुलाचा खरेपणा, त्याची माया अनुदानाबाहेर राहिली. शाळेने काय मोजायचे हे त्या काळात ठरले, असे माझे मत आहे. आज गुणांच्या हव्यासाचा दोष पालकांना देणाऱ्यांनी हा हिशेब आठवावा.

१८८२ च्या शिक्षण आयोगाने सर्व धर्मांना चालेल असे नीतीचे पाठ्यपुस्तक तयार करावे आणि कॉलेजांत माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने व्हावीत, अशी शिफारस केली. आयोगातल्या एका मराठी सदस्याने, जे पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तिला लेखी विरोध नोंदवला. म्हणजे नीती पुस्तकातून शिकवता येते का, हा वाद आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला, तर २८ व्या कलमाने सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षण देता येणार नाही असे सांगितले. या दोन्हींमधून वाट काढताना कॉन्व्हेंट शाळांनी एकाच तासाचे दोन भाग केले. कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला, बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे नीतीच्या पाठांना. वसईकडच्या अनेकांना हा तास आठवत असेल. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. मॉरल सायन्सची परीक्षा घ्यायची तर तिचे गुण एकूण बेरजेत धरायचे का? बहुतेक ठिकाणी ते धरले गेले नाहीत. प्रगतिपुस्तकात विषय छापलेला, गुणही लिहिलेले, पण टक्केवारीत त्यांना जागा नाही. मुलांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. पण गुण धरले असते तरी प्रश्न सुटला नसता, कारण त्या पेपरात ‘खरे का बोलावे?’ याचे उत्तर मोजले जाई. उत्तर पाठ करणारे मूल खरे बोलतेच असे नाही.

इथे शब्दांचा गुंता सोडवायला हवा. गाठ तिथेच बसली आहे.

इंग्रजी प्रगतिपुस्तकातल्या ‘कंडक्ट’ला मराठीत ‘वर्तणूक’ शब्द मिळाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात, आणि दोन्हींपुढे ‘चांगली’ लिहिलेले नाही असा दाखला मी पाहिलेला नाही. वर्तणूक म्हणजे बाहेरून दिसणारे वागणे : रांगेत उभे राहणे, उलट न बोलणे, गणवेश स्वच्छ ठेवणे. भित्र्या मुलाची वर्तणूक नेहमीच चांगली असते. दुसरा शब्द ‘चारित्र्य’. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत त्याचा अर्थ ‘नावावर गुन्हा नाही’ इतकाच उरतो, आणि मुलीच्या बाबतीत हा शब्द उच्चारला की आपल्या समाजात भलताच संशय डोके वर काढतो. कोणतीही शाळा तो प्रगतिपुस्तकावर छापायला धजणार नाही, आणि ते योग्यच आहे.

तिसरा शब्द ‘शील’. त्यालाही मराठीत तीच सावली आहे, पण मराठी बायबलात तो वेगळ्या जागी उभा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख कसाला लागून खरे उतरण्याकडे आहे. म्हणजे शील ही जन्मजात स्वच्छता नव्हे, ते सोसून घडते. तसे असेल तर सहामाहीच्या शेवटी त्याला ‘अ’ किंवा ‘ब’ कोण आणि कशाच्या आधारे देणार? ख्रिस्ती शाळेने ज्याला शील म्हणावे त्याच्या जागी वर्तणूक येऊन बसली, आणि सगळ्यांपुढे ‘चांगली’ लिहिणे सोपे झाले. ही अदलाबदल कुणी ठरवून केली नाही, तरी तिची किंमत मोठी आहे.

अलीकडच्या घडामोडींनी हा रकाना बराच बदलला. नव्वदच्या दशकात राज्यात मूल्यशिक्षण आले, परिपाठात श्रमप्रतिष्ठेपासून नीटनेटकेपणापर्यंत दहा मूल्ये आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि शिक्षकांच्या हाती वर्णनात्मक नोंदी आल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, व्यक्तिमत्त्व गुणविशेष. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्व अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले, पण राज्य मंडळाच्या ख्रिस्ती शाळांत नोंदींची रीत टिकली.

या नोंदी म्हणजे मोठी संधी होती. प्रत्यक्षात साठ-सत्तर मुलांच्या वर्गाचा भार वाहणाऱ्या शिक्षकांनी तयार नोंदींच्या याद्या हाताशी घेतल्या, आणि ‘इतरांशी मिळून मिसळून वागतो’ हे वाक्य अर्ध्या वर्गाच्या नावापुढे उतरले. यात शिक्षकांना बोल लावणे अन्यायाचे होईल. मूल ओळखायला वेळ लागतो, आणि वेळापत्रकात तो तास कधीच नव्हता. माझ्या चौथीच्या बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकावर लिहिले होते : ‘फार बोलते, पण चूक झाली तर स्वतः सांगायला येते.’ त्या वर्षीचे गुण मला आठवत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तक चहूबाजूंनी भरायला सांगितले आहे : शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी एकमेकांबद्दल लिहायचे. मिशन शाळांतल्या चर्चेत त्याला बायबलातल्या गलतीकरांस पत्रातल्या ‘आत्म्याच्या फळा’ची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, जोड द्यावी असा एक विचार आहे. प्रीती, आनंद, शांती इथपासून सौम्यता आणि इंद्रियदमनापर्यंत ती नऊ नावे आहेत. पण वर्गातली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात, त्यामुळे २८ व्या कलमाचा प्रश्न पुन्हा दारात येतो. ममता आणि सौम्यता ही धर्मशिक्षणाची नावे मानायची की साध्या मराठीतली, हे प्रत्येक शाळेला पालकसभेत बसून ठरवावे लागेल. आणि नोंद कुणीही केली, तरी तिच्यासाठी आठवड्यातला कोणता तास मोकळा करायचा, हे त्याआधी.