बोलणारा रोबो आणि उचलणारा रोबो : घरातल्या दिव्यांग माणसाला नेमका कुठला हवा?

ठाण्यात दिव्यांग मुलांच्या पालकांमध्ये रोबोचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘तो आमच्या मुलाला आंघोळ घालेल का?’ प्रश्न कळकळीचा असतो. मुलगा पस्तिशीचा, वडील सत्तरीला टेकलेले, आईची कंबर गेलेली आणि ब्युरोतून येणाऱ्या मावशी टिकत नाहीत. पण उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. बातम्यांत दिसणारे बरेचसे गोड चेहऱ्याचे रोबो ‘सामाजिक रोबो’ असतात आणि अंगमेहनतीचं काम ते करतच नाहीत.

अंगमेहनत करणारे रोबो वेगळे. कॅनडातल्या किनोवा कंपनीचा ‘जाको’ हा यांत्रिक हात व्हीलचेअरला बसवतात आणि खुर्चीच्याच जॉयस्टिकनं चालवतात. जपानी सेकॉम कंपनीचं ‘माय स्पून’ ताटातला घास उचलून तोंडापर्यंत आणतं. रिकेन या जपानी संस्थेनं २०१५ साली दाखवलेला अस्वलाच्या चेहऱ्याचा ‘रोबेअर’ माणसाला पलंगावरून उचलून व्हीलचेअरवर बसवायचा. पण तो प्रायोगिक होता, दुकानात मिळणारा नव्हे.

सामाजिक रोबो काम करतो तो बोलण्यातून, हावभावांतून, सोबतीतून. नेदरलँड्समधली ‘टेसा’ फुलझाडाच्या कुंडीसारखी दिसते. तिला ना हात, ना चाकं. घरचे किंवा काळजीवाहक ॲपमध्ये वाक्य आणि वेळ भरून ठेवतात आणि त्या वेळी टेसा ते वाक्य बोलते : गोळी घे, जेवायला बस, दार लाव. सीलच्या पिल्लासारखा जपानी ‘पॅरो’ तर बोलतही नाही. कुरवाळलं की प्रतिसाद देतो. स्पर्शाऐवजी संवादातून मदत करणाऱ्या या रोबोंना माया मातारिच आणि डेव्हिड फाइल-सायफर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली वेगळा प्रकार म्हणून मांडलं.

मग निवडायचं कसं? मी एकच गोष्ट आधी बघायला सांगते : काम अडतं कुठे?

समजा, ऐरोलीत राहणारा बौद्धिक अक्षमता असलेला एक तरुण आहे. हातपाय धडधाकट. ब्रश करता येतो, आंघोळ करता येते, डबा पिशवीत भरता येतो. अडतं ते सुरुवातीला आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना. आई ‘चल, आता ब्रश कर’ म्हणाली की तो उठतो. नाही म्हणाली तर पलंगावरच बसून राहतो. अशा घरात आईचा दिवस सूचना देण्यात जातो आणि तिच्या आवाजाला हळूहळू धार येते. इथे बोलणारा रोबो खरंच उपयोगी पडू शकतो. तो तेच वाक्य रोज त्याच सुरात बोलतो, चिडत नाही. विशेष शिक्षक मुलांना शिकवताना सूचना टप्प्याटप्प्यानं कमी करतात, तसं इथेही करता येतं : आधी प्रत्येक पायरी, मग फक्त ‘सकाळची तयारी’, मग नुसती घंटा.

आता समजा, कळव्यातली सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेली एक मुलगी. बुद्धी तल्लख, घरून कॉम्प्युटरवर काम करते, पण हात तोंडापर्यंत पोचत नाही. तिच्यासमोर टेसा ठेवून ‘पाणी पिण्याची वेळ झाली’ म्हणायला लावणं हा तिचा अपमान आहे. तहान तिला कळते. तिला हवा ग्लास उचलणारा हात. उलट, तसाच हात ऐरोलीच्या त्या तरुणाला दिला, तर जे त्याला येतं तेही सुटत जाईल. पुष्कळ जणांचं दोन्हीकडे अडतं; तिथे एकेक काम वेगळं तपासावं लागतं.

स्मार्ट स्पीकर यात बसतो का, असंही विचारतात. त्यात गजर किंवा ठरल्या वेळेची आठवण लावता येते, पण एरवी आपण हाक मारली की तो बोलतो, आणि ज्याची अडचणच सुरुवात करण्याची आहे तो हाक मारणार कशी?

सगळ्यात मोठा फरक मला निर्णय कुणाचा, यात वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारतानं २००७ साली मान्यता दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं; म्हणजे हा प्रश्न हक्काचाही आहे. सगळं स्वतःच्या हातानं करणं म्हणजेच स्वावलंबन, असं मी मानत नाही. आपल्या दिवसाचं आपण ठरवणं, हा त्याचा गाभा. जाको चालवताना निर्णय त्या मुलीचाच असतो, जॉयस्टिक तिच्याकडे असते. टेसाची वाक्यं मात्र दुसरंच कुणीतरी लिहितं. म्हणून तिथे जास्त जपायला हवं, नाहीतर घरात आणखी एक हुकूम सोडणारा येईल. कुठल्या वेळा, कुठली वाक्यं, रविवारी बोलायचं की नाही, हे त्या तरुणाला विचारूनच भरावं. बंद करण्याचं बटण त्याला दाखवावं आणि त्यानं ते दाबलं तर रागावू नये.

खरेदीच्या आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासणी करून घ्या. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. भाषा हाही मोठा अडसर आहे. टेसा डच घरांसाठी घडली आहे आणि आपल्या मुलांना सूचना मराठीतच समजतात. म्हणून आधी जुन्या मोबाइलवर ताईच्या किंवा मामाच्या आवाजात सूचना रेकॉर्ड करून गजराला लावा. त्यानं मुलगा उठतो का, हे काही आठवडे बघा. पहिल्या आठवड्याच्या उत्साहावर जाऊ नका, नवलाई ओसरते.

विक्रेत्याला एक गोष्ट मात्र नक्की विचारा : इंटरनेट नसेल तर यातलं काय चालू राहतं? अमेरिकेतल्या ‘जीबो’चे सर्व्हर बंद होत असल्याचं २०१९ साली त्या रोबोनंच आपल्या मालकांना सांगितलं. मुलांचा ‘मॉक्सी’ बनवणाऱ्या कंपनीनं डिसेंबर २०२४ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. यांत्रिक हात बिघडला तर दुरुस्तीपर्यंत गैरसोय होते; रोज बोलणारा सोबती गप्प झाला तर ज्याला त्याची सवय लागली त्याचा दिवसच विस्कटतो. त्यामुळे रोबो आला तरी दिवसाची कामं क्रमानं दाखवणारा भिंतीवरचा चित्रांचा तक्ता काढू नका, आणि अधूनमधून एखादी सकाळ फक्त त्या तक्त्यावर काढून बघा.