थायरोग्लोब्युलिन शून्य, तरी डॉक्टर गप्प का?

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस झाला आणि काही महिन्यांनी रिपोर्टवर थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशींचं प्रथिन, जवळजवळ शून्य आलं. घरचे पेढे आणायच्या बेतात असतात. डॉक्टर मात्र खालच्या ओळीवर अडकतात: ‘अँटी-टीजी’, म्हणजे थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटीबॉडीज, वाढलेलं.

हाशिमोटो हा आजार असलेल्या रुग्णांत हे नेहमीचंच. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ साली वर्णन केलेल्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते आणि थायरोग्लोब्युलिनविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात.

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, चांगल्या असोत वा कॅन्सरच्या. ग्रंथी काढल्यावरही ते रक्तात सापडलं, तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत. नेहमीच्या चाचणीत ते दोन बाजूंनी पकडलं जातं. रुग्णाच्या अँटीबॉडीजनी ते आधीच वेढलेलं असलं, तर चाचणीच्या हाती लागत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. अशा वेळी अँटीबॉडीजचाच आकडा खूण म्हणून धरतात. पेशी संपल्या की तो हळूहळू उतरतो. पार जायला दोन-तीन वर्षंही लागतात. गंमत म्हणजे आयोडीननंतर सुरुवातीला तो वाढूही शकतो, कारण मरणाऱ्या पेशींतून प्रथिन रक्तात सांडतं. त्यामुळे एका रिपोर्टवरून घाबरण्यात अर्थ नाही. पुढेही चढतच राहिला, तर मानेची सोनोग्राफी, स्कॅन. आणि तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये करावी. पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत.

खुद्द उपचारावर परिणाम होतो का? आयोडीन-१३१ पेशीत शिरतं आणि त्याचे बीटा कण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या टप्प्यातलं सगळं जाळतात. हाशिमोटोने सुजलेल्या, निबर झालेल्या पेशी आयोडीन कमी ओढतात. म्हणून उरलेला तुकडा एका डोसात जाईलच असं नाही, असं काही अभ्यास सांगतात. काहींना फरक दिसलेला नाही. दिलासा इतकाच, की हाशिमोटोसोबतचा पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा प्रकार) बऱ्याच अभ्यासांत सौम्य निघाला आहे.

ग्रेव्ह्ज या आजाराचं गणित उलटं: तिथे प्रतिकारशक्ती थायरॉइडला जास्तच कामाला लावते. एरवी आयोडीन ओढलं जावं म्हणून डोसाआधी तीन-चार आठवडे थायरॉइड हार्मोनच्या गोळ्या थांबवून किंवा इंजेक्शन देऊन टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारं हार्मोन) ३० च्या वर नेतात आणि नंतर गोळ्यांनी ते दाबून ठेवतात, म्हणजे उरल्यासुरल्या पेशींना चिथावणी मिळू नये. ग्रेव्ह्जमधल्या अँटीबॉडीज मात्र टीएसएचच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, बसतात. गोळ्यांनी टीएसएच कितीही खाली आणलं, तरी त्यांची चिथावणी चालूच राहू शकते.